आपण कोणांपैकीं?

“घर भाड्यानें देणें आहे” ही पाटी मी लहानपणापासून वाचीत आलों आहें. तेव्हां ती वाड्याच्या दिंडीदरवाजावर खडूनें लिहिलेली असे. आतां ती जुळे सोलापुरांत, विजापूर रस्त्यावर, होटगी रस्त्यावर चारमजली इमारतींच्या फाटकाला छापील स्वरूपांत लटकते. अक्षर सुधारलें यांत शंका नाहीं. मजकूर मात्र वाढला आहे. पूर्वीं एका ओळींत आटोपणाऱ्या त्या पाटीला आतां “फक्त शाकाहारी”, “फक्त कुटुंबासाठीं” अशीं शेपटें फुटलीं आहेत. आणि जें पाटीवर लिहिण्याची लाज वाटते तें उंबरठ्यावर विचारलें जातें. आडनांव काय? मराठींतलीं पुष्कळशीं आडनांवें गांवावरून पडलेलीं, तेव्हां एवढ्यानें उलगडा होतोच असें नाहीं. मग गांव कोणतें? गांवांत घर कोणत्या अंगाला? कुलदैवत कोणतें? आणि इतकें करूनहि भागलें नाहीं म्हणजे शेवटीं तो सरळ प्रश्न येतो: “नाहीं म्हटलें, आपण कोणांपैकीं?”

हा प्रश्न विचारणारा मनुष्य अडाणी असतो असें कोणी समजूं नये. तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, बँकेंतला अधिकारी असतो, डॉक्टर असतो. क्वचित् माझ्यासारखा प्राध्यापकहि असतो. त्याच्या दिवाणखान्यांत फुल्यांचे व आंबेडकरांचे ग्रंथ असतात, त्याचा मुलगा परदेशीं असतो, आणि सभेंत अध्यक्षस्थानीं बसविलें तर जातिभेदाच्या दुष्परिणामांवर तो अर्धा तास सहज बोलतो. या लेखाचा रोख त्या माणसावर आहे. खेड्यांतल्या पाटलाला बोल लावणें सोपें आहे, आणि तें काम आपण गेलीं शंभर वर्षें इमानेंइतबारें करीत आलों आहों.

सप्टेंबर २०२३ मध्यें मुंबईच्या मुलुंड उपनगरांत एक मराठी स्त्री कचेरीसाठीं जागा पाहावयास गेली असतां “येथें महाराष्ट्रीयांस जागा देत नाहींत” असें तिला सांगण्यांत आलें. तिनें तो प्रसंग लोकांपुढें ठेविला, आणि एका दिवसांत महाराष्ट्रभर संतापाचा आगडोंब उसळला. पुढारी धांवले, प्रकरण पोलिसांत गेलें, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. आमच्या स्टाफ-रूममध्येंहि त्या दिवशीं दुसरा विषय नव्हता. “आमच्याच राज्यांत आम्हांला जागा नाहीं!” हें वाक्य मीं त्या सकाळीं निदान पांच तोंडांतून ऐकलें. तो संताप योग्य होता. त्यांतला एक शब्दहि मी कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु तो नेमका कशाचा होता? जागा मिळाली नाहीं याचा तो नव्हता. मुंबईंत जागा कोणालाच सुखासुखीं मिळत नाहीं. आपल्याला न पाहतां, आपल्याशीं दोन शब्द न बोलतां, आपण भाडें वेळेवर देऊं कीं नाहीं, जागा स्वच्छ ठेवूं कीं नाहीं याची कांहींहि चौकशी न करतां, केवळ आपण कोणाच्या पोटीं जन्मलों यावरून आपली किंमत ठरविली गेली, याचा तो संताप होता. त्या पांच तोंडांपैकीं तीन तोंडांच्या मालकीचीं घरें सोलापुरांत भाड्यानें दिलेलीं आहेत. तीं कोणाकोणास नाकारलीं गेलीं हें मला ठाऊक आहे, कारण नाकारलेल्यांपैकीं कांहीं जण माझे विद्यार्थी होते.

त्यांपैकीं एकाची हकीकत सांगतों. मुलगा हुशार, अबोल, वक्तशीर. पदवी घेतली, स्पर्धापरीक्षा दिली, एका सरकारी कचेरींत नोकरीस लागला, लग्न झालें. आईबापांच्या दोन खोल्यांत भावंडांसह राहणें अशक्य झालें म्हणून त्यानें घर शोधावयास आरंभ केला. आडनांव असें कीं त्यावरून कांहींच कळूं नये. पहिल्या घरीं भाडें ठरलें, विसार दिला. करारासाठीं आधार कार्डाची प्रत मागितली. दुसऱ्या दिवशीं विसार परत. कारण? “आमचे भाऊ येणार आहेत.” दुसऱ्या घरींहि कागद दाखवीपर्यंत सर्व सुरळीत, मग त्या घरमालकाचेहि भाऊ येणार होते. असे सोलापुरांत एका महिन्यांत सात घरमालकांचे भाऊ, मेहुणे आणि जांवई अचानक येण्यास निघाले. मुलगा शहाणा होता. तिसऱ्या घरानंतर त्याच्या लक्षांत आलें कीं दोष त्याच्यांत नसून त्याच्या पत्त्यांत आहे. कार्डावर पत्ता होता: सेटलमेंट फ्री कॉलनी.

बाहेरगांवच्या वाचकांस या शब्दांत विशेष वाटणार नाहीं. सोलापूरकरांस फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या; १९११ व १९२४ च्या कायद्यांनीं तो फांस अधिक आवळला. कैकाडी, टकारी, पारधी अशा लोकांना सोलापुरांत तारेच्या कुंपणाआड वसविलें. त्यांनीं हजेरी द्यावी, परवानगीवांचून बाहेर जाऊं नये, गिरणींत काम करावें, असा तो ‘सुधारणे’चा बेत. कुंपणाबाहेर ज्यांना राहूं दिलें त्यांची ती ‘फ्री’ कॉलनी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमातींच्या ‘विमुक्त’ जमाती झाल्या. ज्या मुलाची मी गोष्ट सांगत आहें त्याचा बाप त्या तारखेनंतर जन्मला. तार गेली, पत्ता राहिला. आणि इंग्रजानें निदान तें काम उघडपणें, गॅझेटांत छापून केलें होतें. आपण तें “भाऊ येणार आहेत” अशा गोड शब्दांत करतों.

येथवर लिहून थांबलों असतों तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. कारण आठवें घर माझें होतें. त्या वेळीं माझ्या घराचा वरचा मजला चार महिने रिकामा पडला होता, आणि ही गोष्ट त्याला माहीत होती. तो एके संध्याकाळीं येऊन बसला, चहा घेतला, सात घरांची हकीकत हंसत हंसत सांगितली, आणि थांबला. त्यानें विचारलें नाहीं. विचारण्याची वेळ त्यानें माझ्यावर येऊं दिली नाहीं. मीं म्हटलें, “वर आमची मुलगी येऊन राहण्याच्या बेतांत आहे.” मुलगी तेव्हां पुण्यास होती व आजहि पुण्यासच आहे. तो “बरें आहे, सर” म्हणाला आणि चपला घालून गेला. मी खालीं येऊन बराच वेळ स्वतःची समजूत घालीत होतों: आमच्या वृद्ध मातोश्रींना आवडणार नाहीं, शेजारी नांवें ठेवतील, विद्यार्थ्याशीं पैशाचा व्यवहार बरा नव्हे. यांतलें प्रत्येक कारण खरें होतें. मातोश्रींना मीं विचारलें मात्र नव्हतें.

या प्रकारच्या सभ्य सबबींचा इतिहास जुना आहे. १९१७ सालीं कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांत शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू होण्यास गेले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी नांव सांगून ते एका पारशी धर्मशाळेंत उतरले. गोष्ट फुटतांच लाठ्या घेतलेल्या माणसांनीं त्यांना तेथून बाहेर काढलें. ही लाठ्यांची हकीकत सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांनीं स्वतः लिहून ठेविलेल्या आठवणींत या प्रसंगाचा एक उत्तरार्ध आहे, आणि मला तो लाठ्यांपेक्षां अधिक बोचतो. बाहेर पडल्यावर ते आपल्या दोन मित्रांकडे गेले. एक हिंदु, एक ख्रिस्ती. दोघेहि सुशिक्षित, दोघांनाहि मनापासून वाईट वाटलें. हिंदु मित्र म्हणाला, तुम्ही आलांत तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी बाहेरगांवीं आहे, तिला विचारावें लागेल. त्यानंतर त्यांनीं सार्वजनिक बागेंत बसून दिवसाचा उरलेला वेळ काढला व रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली. लाठी घेणारे फार थोडे असतात. नोकरांचें, बायकोचें, मातोश्रींचें नांव पुढें करणारे आपण पुष्कळ असतों. शिक्षणानें हा रोग आपोआप जाईल असें ज्यांना वाटतें त्यांनीं या प्रसंगांत शिक्षण कोणाकोणापाशीं होतें याचा एकवार हिशेब करावा.

आतां प्रतिपक्षाचें मुख्य शस्त्र. “घर माझें आहे. माझ्या कष्टाच्या पैशाचें आहे. त्यांत कोणास ठेवावें हें मी ठरवीन, सरकार कोण?” हें म्हणणें ऐकतांना इतकें रास्त वाटतें कीं त्यावर उत्तर आहे हेंच आपण विसरतों. माझ्या स्वयंपाकघरांत कोण जेवेल, माझ्या ओटीवर कोण निजेल, माझ्या मुलीशीं कोण लग्न करील, हें सरकारनें ठरवूं नये. ठरवूं लागलें तर मीच पहिला विरोध करीन. परंतु वरचा मजला, ज्याचें दार निराळें, जिना निराळा, विजेचें मीटर निराळें, आणि ज्याचे दरमहा दहा हजार रुपये माझ्या खात्यांत जमा होतात, तो माझा संसार नव्हे. तो माझा धंदा आहे. मी आयकराच्या पत्रकांत त्याला घरभाड्याचें उत्पन्न म्हणून दाखवितों, महानगरपालिकेपुढें दुरुस्तीचा खर्च सांगतों, भाडें वाढवितांना बाजारभाव दाखवितों. पैसे घेतांना बाजार आणि माणूस निवडतांना देवघर, असें दुटप्पी धोरण चालावयाचें नाहीं. सराफकट्ट्यावरचा सराफ गिऱ्हाइकाची जात विचारून सोनें विकूं लागला तर आपण त्याला वेड्यांत काढूं, आणि कायदा त्याला शासन करील. दुकानदारास जें मना आहे तें घरमालकास मोकळें कां असावें?

हा प्रश्न माझ्या पदरचा नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें, करमणुकीचीं ठिकाणें यांत कोणास धर्म, वंश, जात, लिंग अगर जन्मस्थान यांवरून अटकाव करतां येणार नाहीं असें म्हटलें आहे, आणि हें बंधन केवळ सरकारवर नसून तुमच्याआमच्यावरहि आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत त्या मसुद्यावर चर्चा चालली असतां ‘दुकान’ शब्दाची व्याप्ति किती हा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनीं उत्तर दिलें कीं हा शब्द व्यापक अर्थानें योजिला आहे. जो कोणी आपली सेवा मागावयास येणाऱ्याला ती देऊं करतो त्याचें ठिकाण म्हणजे दुकान. बडोद्याच्या बागेंत बसलेल्या माणसानें एकतीस वर्षांनीं हें उत्तर दिलें. २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका खासगी महाविद्यालयाच्या प्रकरणांत याच अर्थाचा आधार घेतला. फाटकावर पाटी लावून जगाला बोलावणारा घरमालक या अर्थांत बसत नाहीं असें ज्यांना म्हणावयाचें असेल त्यांनीं तें अवश्य म्हणावें. पण मग पाटी काढावी आणि आपल्या नात्यागोत्यांतच भाडेकरू शोधावा.

अमेरिकेचें उदाहरण आपल्याकडे ऊठसूट दिलें जातें, पण तें येथें खरोखरच उपयोगी आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यांत, ११ एप्रिल १९६८ रोजीं, तेथें घरांच्या विक्रींत व भाड्यांत वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून भेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. त्या वेळींहि “घर माझें” हा आक्षेप निघाला होताच. तेव्हां कायदेमंडळानें एक सवलत ठेविली: मालक स्वतः राहत असलेल्या, चारांहून अधिक बिऱ्हाडें नसलेल्या घरास कायदा लागू नाहीं. चर्चेंत या काल्पनिक घरमालकिणीला ‘मिसेस मर्फी’ असें नांव पडलें होतें. आमच्या सोलापूरचा, खालीं स्वतः राहून वरचा मजला भाड्यानें देणारा गृहस्थ म्हणजे हुबेहूब हीच मर्फीबाई. पण गंमत पुढेंच आहे. सवलत मिळालेल्या मर्फीबाईलाहि जाहिरातींत वर्ण किंवा धर्म लिहिण्याची मुभा नाहीं. आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८६६ चा एक जुना कायदा उकरून काढून ठरविलें कीं वर्णाच्या बाबतींत कोणत्याहि खासगी मालकाला भेद करतां येणार नाहीं. म्हणजे वर्णापुरती मर्फीबाईची सवलत दोन महिन्यांतच संपली. तिचें घर त्यामुळें कोणीं लुटून नेल्याचें ऐकिवांत नाहीं. इंग्लंडांत १९६५ च्या पहिल्या कायद्यांत घरांचा विषय गाळला होता; तीन वर्षांनीं, १९६८ मध्यें, तो घालावा लागला. त्या काळांत लंडनला शिकावयास गेलेल्या आपल्या काकामामांना गोऱ्या घरमालकिणींनीं दारांतून कसें परत पाठविलें याच्या कथा आपल्या कुटुंबांत आजहि सांगितल्या जातात. सांगतांना आवाज कांपतो. त्याच काकांच्या सोलापुरांतल्या घराला भाडेकरू कसा निवडला जातो हा विषय त्या बैठकींत निघत नाहीं.

दुसरें शस्त्र शाकाहाराचें. हें अधिक नाजूक आहे, कारण त्यांत प्रामाणिकपणाचा एक अंश आहे. मी स्वतः शाकाहारी आहें. शेजारच्या खोलींत मासे तळले तर मला त्रास होतो हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. स्वयंपाकघर सामाईक असेल तर तेथें काय शिजावें याची अट मालकानें घालावी. कचरा जिन्यांत टाकूं नये, घाण करूं नये, ही अट तर सर्वांनाच घालावी; फणसाच्या चारखंडांचा कचरा हा मटणाच्या हाडांइतकाच कुजतो. परंतु पाटीवरच्या “फक्त शाकाहारी” या दोन शब्दांचा अर्थ आहारापुरता असता तर त्यांची परीक्षाहि आहारानें झाली असती. तशी ती होते काय? सोयीचें आडनांव सांगणाऱ्या तरुणाला कोणी विचारीत नाहीं कीं बाबा रे, शनिवारीं रात्रीं मित्रांबरोबर काय खातोस? आणि गळ्यांत तुळशीची माळ घातलेला वारकरी, ज्याच्या घरीं तीन पिढ्यांत मांस शिजलें नाहीं, तो गांवकुसाबाहेरचा निघाला तर त्याची माळ त्याला कामास येत नाहीं. मुसलमानास तर हा प्रश्न विचारण्याचीहि तसदी कोणी घेत नाहीं. नांव ऐकूनच “जागा गेली” असें उत्तर मिळतें. तेव्हां ‘शाकाहारी’ हा येथें अन्नाचा शब्द राहिलेला नाहीं. ‘आपण कोणांपैकीं’ याचें तें सभ्य भाषांतर आहे. महाराष्ट्रांतल्या बहुतेक जाती कमीअधिक प्रमाणांत मांस खातात हें लक्षांत घेतलें म्हणजे या दोन शब्दांनीं एका फटक्यांत किती लोक दाराबाहेर जातात याची कल्पना येईल.

आणि हा सर्व माझा मनाचा खेळ नाहीं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दिल्ली व आसपासच्या शहरांत एक साधा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध केले. घरासाठीं चौकशी करणारे उमेदवार बाकी सर्व बाबतींत सारखे, फरक नांवाचा. सवर्ण नांवाला जवळजवळ प्रत्येक दार उघडलें. दलित नांवाला पुष्कळ दारें बंद झालीं किंवा नव्या अटी निघाल्या. मुसलमान नांवाला त्याहूनहि अधिक. असा प्रयोग सोलापुरांत करावयाचा तर दूर जावें लागणार नाहीं. आपल्या चार पुतळ्यांच्या चौकापासूनच आरंभ करतां येईल. मे १९३० च्या लष्करी कायद्यानंतर सोलापूरचे चार पुत्र १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत एकाच दिवशीं फांसावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. दरवर्षीं जानेवारींत आपण त्यांच्या गळ्यांत हार घालतों. हीं चार नांवें घेऊन चार तरुण उद्यां एका इमारतींत चार खोल्या मागावयास गेले तर किती खोल्या मिळतील, याचें उत्तर हार घालणाऱ्यांनींच द्यावें. फांसाच्या दोरानें नांव विचारलें नव्हतें.

कायद्याची स्थिति चमत्कारिक आहे, आणि ती सामान्य वाचकास ठाऊक नसते म्हणून थोडी सविस्तर सांगतों. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास कोणत्याहि वस्तींत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास अडथळा करणें हा १९५५ च्या कायद्यानें गुन्हा आहे. १९७६ मध्यें त्याचें नांव नागरी हक्क संरक्षण कायदा असें झालें व शिक्षा कडक झाली: एक ते सहा महिने कैद, आणि दंड शंभर ते पांचशें रुपये. त्यांत एक मोलाची तरतूदहि आहे कीं अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध असें कृत्य झालें तर तें अस्पृश्यतेमुळेंच झालें असें न्यायालयानें, उलट सिद्ध होईतों, गृहीत धरावें. पण “भाऊ येणार आहेत” हें कृत्य कोणत्या पंचनाम्यांत बसवावयाचें? आणि पांचशें रुपयांचा तो दंड! एवढ्या पैशांत दलाल आज घर दाखवावयासहि येत नाहीं. शिवाय माझा विद्यार्थी विमुक्त जमातीचा. मुसलमान, ईशान्येकडील विद्यार्थी, एकटी राहणारी नोकरदार स्त्री, परित्यक्ता, यांना तर हा कायदा स्पर्शहि करीत नाहीं.

दुसरीकडे पाहा. एच्‌. आय्‌. व्ही. बाधित व्यक्तींसंबंधीं २०१७ चा कायदा व तृतीयपंथीयांसंबंधीं २०१९ चा कायदा, या दोहोंत घर भाड्यानें घेण्याच्या बाबतींत भेदभाव करूं नये असें स्पष्ट शब्दांत लिहिलें आहे. म्हणजे घरमालकाच्या दारापर्यंत कायद्यानें जावें कीं नाहीं, हा वाद आपल्या संसदेनें दोनदां निकालांत काढला आहे. ज्या दोन वर्गांकडे समाज सर्वांत अधिक तुच्छतेनें पाहतो त्यांना जें शब्दांत मिळालें तें शिंदे, शेख, कांबळे यांना मिळालेलें नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें प्रत्येक करार लेखी व नोंदलेला असावा अशी सक्ती केली, न केल्यास मालकास शिक्षा ठेविली. भेदभावाविषयीं त्यांत अक्षर नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ मध्यें नमुनेदार भाडेकरू कायदा तयार करून राज्यांकडे पाठविला. अनामत किती महिन्यांची असावी इथपर्यंत त्यांत बारकावे आहेत, पण ‘आपण कोणांपैकीं’ या प्रश्नाला त्यानेंहि हात लावला नाहीं.

गृहनिर्माण संस्थांचें प्रकरण याहून अवघड. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याप्रमाणें पात्र माणसास पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारतां येत नाहीं. पण २००५ मध्यें अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सभासदत्व आपल्याच समाजापुरतें ठेवण्याचा नियम संघटना-स्वातंत्र्याच्या आधारावर उचलून धरला. न्यायालयाचा आदर राखून म्हणावेंसें वाटतें कीं, संख्येनें घटत चाललेल्या एका चिमुकल्या समाजानें जवळजवळ राहण्याची इच्छा करणें निराळें, आणि गांवांत निम्म्याहून अधिक असलेल्यांनीं तोच न्याय सांगून उरलेल्यांस वेशीबाहेर ठेवणें निराळें. कोणीं कोणास वेढलें आहे हें पाहिल्यावांचून दोहोंस एक माप लावणें म्हणजे किल्ला आणि कोंडवाडा यांना दोन्हींना भिंत असते म्हणून एक समजण्यासारखें आहे.

काय करावें? १९९९ च्या भाडे कायद्यांत एक कलम घालावें. मालकाच्या स्वतःच्या राहत्या घरांत, एकाच दारानें व एकाच चुलीवर राहणारा पाहुणा-भाडेकरू तेवढा वगळावा. बाकी कोणतीहि जागा भाड्यानें देणाऱ्यास धर्म, जात, भाषा, जन्मस्थान, लिंग, वैवाहिक स्थिति किंवा आहार यांवरून ती नाकारतां येऊं नये. भाडें देण्याची ऐपत, पूर्वीच्या मालकाचा दाखला, माणसांची संख्या, हें सर्व खुशाल पाहावें. पाटी, जाहिरात, दलालाचा तोंडी निरोप, हेहि त्या कलमाखालीं यावेत. तुरुंगाची शिक्षा मला नको. तिच्या भयानें साक्षीदार फुटतात आणि न्यायाधीश कचरतात. नाकारलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई मालकानें द्यावी, आणि ती भाडे कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्यानें तीन महिन्यांत देववावी. पुराव्यासाठीं थोरातांच्या प्रयोगाचीच रीत मान्य करावी: त्याच दिवशीं, त्याच जागेसाठीं, तशाच नोकरीचा दुसऱ्या नांवाचा माणूस गेला आणि त्याला जागा मिळाली, एवढें दाखवितां आलें तर खुलासा करण्याचा भार मालकावर पडावा. मग किती भाऊ खरोखर येतात तें कळेल.

भाडेकरू घर बळकावतो ही भीति खरी होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालीं कित्येक मालकांच्या दोन पिढ्या कज्ज्यांत गेल्या. पण आतां अकरा महिन्यांच्या परवान्याच्या करारावर जागा दिली जाते, आणि मुदत संपल्यावर न निघणाऱ्यास काढण्याचा जलद मार्ग त्याच १९९९ च्या कायद्यांत आहे. शिवाय जुन्या काळीं वाडे बळकावून बसलेले भाडेकरू बहुधा मालकाच्या जातीचेच असत, हें जुन्या सोलापूरकरांस सांगावयास नको.

राहतां राहिला “कायद्यानें मनें बदलत नाहींत” हा आक्षेप. माझ्या विद्यार्थ्यास कोणाचें मन नको होतें. त्याला दोन खोल्या, मोरी आणि नळाचें पाणी पाहिजे होतें.

त्याला पुढें घर मिळालें, तें भाड्यानें नव्हे. कर्ज काढून त्यानें शहराबाहेर लहानसा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचें बोलावणें मला आलें होतें. गेलों. त्यानें पाया पडून नमस्कार केला तेव्हां मला जें वाटलें तें लिहिण्याची ही जागा नव्हे. घरीं आल्यावर वरच्या मजल्यासंबंधीं मातोश्रींना अखेर विचारलें. त्या म्हणाल्या, “भाडें वेळेवर देईल ना? मग मला काय विचारतोस?”

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दर जून महिन्यांत खोल्यांची यादी लागते. अक्कलकोट, मंगळवेढें, सांगोला, करमाळा या बाजूंनीं येणारीं मुलेंमुली तीवरून जागा शोधतात. यंदा ती यादी करण्याचें काम मीं मागून घेतलें. प्रत्येक घरमालकास कळविलें कीं जातीची, धर्माची किंवा आहाराची अट असलेली खोली यादींत लागणार नाहीं. यादी पुष्कळ आंखूड झाली आहे. परवां एक ओळखीचे गृहस्थ, चांगले वाचनप्रिय, या मासिकाचे जुने वर्गणीदार, मुद्दाम भेटावयास आले. म्हणाले, “अट काढून टाका, माझी हरकत नाहीं. नांव तेवढें यादींत राहूं द्या. मुलें येतील, तीं मी बघून घेईन.” मीं विचारलें, “बघून म्हणजे काय बघून?” ते हंसले, पान काढून माझ्यापुढें केलें, आणि यंदा पाऊस लांबला आहे असें म्हणाले. त्यांचें नांव यादींत नाहीं.